पोटरीत गोळा आला तर

अरे, काल टिळकवाडीत तिसरा सेट संपला नि तू कोर्टावरच लोळलास, तेव्हा सगळे पोटरी रगडायला धावले. तसं रगडायचं नाही बघ. गुडघा सरळ ठेव, पायाचा चवडा स्वतःकडे ओढ, अर्धा मिनिट धर. सुटला की पुन्हा एकदा. गोळा येतो तो बहुधा दमलेल्या स्नायूमुळे. घामातून मीठ गेलं की त्यात भर. बेळगावची हवा गार, घाम कळत नाही, तिथंच फसतो आपण. नुसतं पाणी ढोसू नकोस. 1 लिटरमध्ये चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मी आपला मीठ घातलेलं ताकच नेतो, साखरपाणी मला जात नाही. एकच पाय सुजला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र थेट डॉक्टर गाठ.