बाळ आठव्या महिन्यात झालं, आता सात महिन्यांचं आहे पण बसत नाही, डोजही राहिले. काय करू?

ताई, तुम्ही लिहिलं त्यावरून मला समजलं ते असं. बाळ सव्वा महिना आधी झालं, वजन पावणेदोन किलो, काही दिवस काचेत होतं. आता सात महिने झाले तरी धरल्याशिवाय बसत नाही आणि जावेचं बसून राहिलं म्हणून घरात रोज तेच बोलणं. दीड महिन्याचे डोज झाल्यावर ताप आला, मग सासूबाईंनी पुढचे थांबवले, की लेकरू कमजोर आहे, जरा मोठं होऊ द्या. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे, डॉक्टर नाही, पण घरोघरी फिरून अशी लेकरं पाहण्याचंच काम आहे माझं म्हणून लिहून राहिली.

तुमच्या घरी हिशोब नेमका उलटा लागला आहे. बसणं, रांगणं, बोलणं याचं वय डॉक्टरनं दिलेल्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे बाळ ज्या तारखेला व्हायला पाहिजे होतं तिथून, आणि दोन वर्षांचं होईपर्यंत तसंच मोजायचं. त्या हिशोबानं तुमचं बाळ पावणेसहा महिन्यांचंच झालं. डोज मात्र जन्मतारखेप्रमाणे, तिथं आधी झालं म्हणून काही सूट नाही. उलट लवकर झालेल्या लेकराला न्यूमोनिया नाहीतर डांग्या खोकला झाला तर ते जास्त जड जातं, म्हणजे कमजोर आहे म्हणून थांबवणं हे त्याच्यासाठी सगळ्यात वाईट.

बसण्याचं म्हणाल तर डब्ल्यूएचओनं भारतासकट पाच देशांतली निरोगी लेकरं पाहिली होती, २००६ साली ते छापून आलं. त्यात बिनाआधारानं बसायचं वय ३.८ पासून ९.२ महिन्यांपर्यंत निघालं, आणि काही लेकरं तर गुडघ्यावर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. जावेच्या लेकराशी बरोबरी करू नका.

पण म्हणून नुसतं वाट पाहत बसा असंही मी म्हणणार नाही. बसत नाही हे सोडा, बाकी काय करते ते पाहा. दुपारी पोट भरलेलं असताना सतरंजीवर पालथं टाका. मान वर करून इकडंतिकडं पाहते का? समोर स्टीलची वाटी धरा, हात पुढं करते का, आणि दोन्ही हात करते का एकच? मग त्याला दिसणार नाही अशा बाजूनं, कानापासून हातभर अंतरावर वाटीत चमचा वाजवा, मान वळते का? तुम्ही बोलल्यावर हसते का, तोंडाकडं पाहते का? हे सगळं होत असेल तर लेकरू आपल्या चालीनं येऊन राहिलं. मान अजून लटकते, मुठी सारख्या घट्ट आवळलेल्या, कपडे बदलताना पाय कडक होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, नाहीतर सगळं अंगच ढिलं लागते, यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या महिन्यावर ढकलू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून लहान लेकरांची वाढ तपासायचं केंद्र असते, तिथं बालरोग डॉक्टर, फिजिओथेरपी, कानाची तपासणी सगळं फुकट होते. अंगणवाडीत तपासणीची गाडी येते ना (आरबीएसकेची टीम, वर्षातून दोनदा येते), ते चिठ्ठी देतात, पण गाडीची वाट पाहायची गरज नाही, सरळ गेलं तरी चालते.

आणि दिवसभर झोळीत ठेवत असाल तर ते कमी करा. कापूस वेचायच्या दिवसांत बाभळीला झोळी बांधून लेकरू ठेवावं लागते हे मला माहीत आहे, दुसरा इलाज नसतो. पण झोळीत पाठीला कामच नाही मग पाठ बळकट होणार कशी? घरी असताना खाली सोडा, पालथं टाका, आपण समोर बसून बोला. वॉकर बिलकुल आणू नका, त्यानं लेकरू लवकर चालत नाही, पडते मात्र.

आता डोज. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथं सुटलं तिथून पुढं. आता गेलात की पेंटाचा (पाच आजारांवरची एकच सुई) दुसरा, सोबत पोलिओ, रोटा (जुलाबाचा), पीसीव्ही (न्यूमोनियाची) यातलं काय राहिलं ते कार्ड पाहून सिस्टर देतील. त्यानंतर कमीत कमी चार आठवड्यांनी तिसरा. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची सुई आणि व्हिटॅमिन ए, म्हणजे आता उठलात तर सगळं बरोबर जुळून येते. ताप पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो, एकदोन दिवस राहतो, सिस्टरनं वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, सुईची जागा चोळू नका, शेकू नका, आणि कोणी बिब्बा घालायला निघालं तर हात धरा बाप्पा. सुई झाल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. मागच्या वेळी तापात झटके आले असतील किंवा तासन्‌तास न थांबता रडलं असेल तर ते सुई द्यायच्या आधी सांगा, मग डॉक्टर ठरवतील.

काचेतून सुट्टी झाली तेव्हाचा कागद शोधा. दोन किलोच्या आतल्या लेकराचा डोळ्याचा पडदा महिन्याच्या आत तपासायचा असतो, आणि कानही. ते झालेलं दिसत नसेल तर डोज आणि बसण्याच्या आधी हे विचारा, कारण नीट न दिसणारं लेकरू वाटीकडं हात करत नाही आणि आपण म्हणतो सुस्त आहे. लोहाचे थेंब चालू आहेत का तेही पाहा.

आपल्या भागात आणखी एक, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गरोदरपणात तुमची तपासणी झाली असेल, त्यात सिकल निघालं असेल तर बाळाची पण करा, मालकांची पण. सहा महिन्यांच्या आत साध्या सोल्युबिलिटी टेस्टवर भरवसा नसतो कारण लेकराच्या अंगात पोटातलं जुनं हिमोग्लोबिन असते, म्हणून एचपीएलसी नावाची रक्ताची मोठी तपासणी सांगतात. हातापायाची बोटं सुजून लेकरू रडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंचं मनावर घेऊ नका, 'सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही' हे आमच्याकडं अजूनही म्हणतात. तसं काही नसते, पोटात जितके दिवस जास्त तितकं लेकरू बरं. त्यांना समजावणं जमत नसेल तर तुमच्या आशाताईला घरी बोलवा, पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी यायचं तिचं कामच आहे. हे घरी येऊन लेकरू पाहणं गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी करून दाखवलं, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आलं, मग देशभर सुरू झालं, म्हणजे आपल्याच इकडची गोष्ट आहे. माहेरी असाल तर तिथल्या उपकेंद्रातही डोज मिळतात, फक्त माता बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. कार्ड हरवलं असेल तर जिथं आधीचे डोज झाले तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, तिथल्या सिस्टरला फोन करून तारखा लिहून घ्या.