अंगावरचे केस, वस्तरा आणि त्वचा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अंगावरचे केस काढण्याविषयी आहेत. घरात या विषयावर मोकळेपणाने बोलले जात नाही. त्यामुळे सल्ला मैत्रिणीकडून, सलूनमधून नाहीतर औषधाच्या दुकानातून घेतला जातो आणि त्वचेला झालेली इजा डॉक्टरांना दाखवायला फार उशीर होतो. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. एक गोष्ट आधीच सांगते : अंगावर केस असणे म्हणजे अस्वच्छता नव्हे, आणि आरोग्यासाठी ते काढलेच पाहिजेत असेही नाही. ते ठेवायचे की काढायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र काढायचे ठरवले, तर त्याचा त्रास केसांना होत नाही, त्वचेला होतो, हे लक्षात ठेवून काढावेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. पार्लरचा खर्च परवडत नाही म्हणून गेल्या वर्षापासून हातापायांचे केस रेझरने काढते. आता आई म्हणते की केस राठ झाले आणि पुढे ते पुरुषांसारखे दाट येतील. दोनच दिवसांत पाय खरखरीत लागतात हेही खरे आहे. यावर काही उपाय आहे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

तुमचे केस राठ झालेले नाहीत आणि रेझरमुळे ते दाटही होणार नाहीत. केस तयार होतो तो त्वचेच्या आतल्या थरात रुजलेल्या मुळाशी. बाहेर दिसणारा भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा, पूर्णपणे निर्जीव असतो. ब्लेड त्वचेच्या पृष्ठभागाशी केस कापते, त्याचा मुळाशी काही संबंध येत नाही. त्यामुळे वर केस कापला गेला आहे याची खबर मुळाला लागण्याचा मार्गच नाही. केसाची जाडी, रंग आणि वाढीचा वेग आनुवंशिकता व संप्रेरके ठरवतात.

मग खरखर कशाची? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते होत गेलेले असते आणि म्हणून ते हाताला मऊ लागते. ब्लेडने केस जाड भागातच आडवा कापला जातो आणि वर येताना ते बोथट, टणक टोक आधी बाहेर येते. शिवाय नव्याने वर आलेल्या केसाला ऊन, साबण यांचा स्पर्श झालेला नसतो, त्यामुळे तो अधिक काळा दिसतो. आईंची तुलना बहुधा वॅक्सिंगशी असणार. वॅक्सिंगमध्ये केस मुळासकट उपटला जातो, नवा केस यायला काही आठवडे लागतात आणि तो निमुळत्या टोकानिशी येतो, म्हणून मऊ वाटतो. फरक टोकाचा आहे, केसाच्या जातीचा नाही.

या समजुतीची तपासणी फार पूर्वीच झाली आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्ये पुरुषांच्या दाढीच्या केसांचा अभ्यास करून दाढी केल्याने केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही असे दाखवले. 1970 मध्ये लिनफील्ड आणि मॅकविल्यम्स या संशोधकांनी पाच तरुणांचा एक पाय कित्येक महिने दर आठवड्याला दाढीच्या ब्लेडने साफ केला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही पायांवरच्या केसांची तुलना केली. फरक आढळला नाही. तरीही समजूत टिकून राहते, कारण मुले-मुली रेझर हातात घेतात तेच नेमके वयात येताना, आणि त्याच काळात संप्रेरकांमुळे बारीक लवेच्या जागी जाड केस येऊ लागतात. वाढ वयामुळे होते आणि दोष रेझरला लागतो.

रेझरचा खरा परिणाम त्वचेच्या वरच्या थरावर होतो. केसांबरोबर त्या थराच्या पेशीही खरवडल्या जातात, त्वचेतील ओलावा टिकत नाही आणि विशेषतः थंडीत पाय पांढरट, कोरडे होऊन खाजतात. यासाठी आंघोळीच्या शेवटी, त्वचा व केस पाण्याने मऊ झाल्यावर केस काढा, कोरड्या अंगावर ब्लेड कधीच फिरवू नका आणि नंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर लावा. वसतिगृहात रेझर एकमेकींना देऊ नका. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस तग धरू शकतो आणि न दिसणाऱ्या ओरखड्यातूनही त्याचा संसर्ग होऊ शकतो.

प्रश्न : माझे वय 27 आहे. यंत्रमागावर उभ्याने काम असते, घाम खूप येतो. जांघेतले केस मी पाच पात्यांच्या रेझरने, उलट्या दिशेने, अगदी गुळगुळीत होईपर्यंत काढतो. दर वेळी दोन-तीन दिवसांनी लाल पुळ्या उठतात आणि खाज सुटते. दुकानातून आणलेले मलम लावले की बरे वाटते, पण थांबवले की त्रास पहिल्यापेक्षा वाढतो. (एक वाचक, इचलकरंजी)

तुमच्या पत्रात एकाहून अधिक गोष्टी मिसळल्या असण्याची शक्यता आहे आणि त्या वेगळ्या करणे फार महत्त्वाचे आहे, कारण एकीचे औषध दुसरीला बाधते.

पहिली शक्यता केस आत वळण्याची. जांघेतले केस जाड व वळणदार असतात. अनेक पात्यांचा रेझर केस किंचित ओढून धरतो व कापतो, त्यामुळे कापलेले टोक त्वचेच्या पातळीच्या खाली जाते. त्वचा ताणून उलट्या दिशेने ब्लेड फिरवल्यानेही तेच होते. हे टणक टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी आतल्या आतच त्वचेत घुसते, किंवा बाहेर येऊन वळते आणि शेजारी पुन्हा आत शिरते. शरीर त्याला परकी वस्तू समजून सूज आणते. भिंगातून पाहिले, तर अशा पुळीच्या मध्यभागी त्वचेखाली वाटोळा झालेला काळा केस अनेकदा स्पष्ट दिसतो. तो सुईने उकरून काढू नये. महिनाभर ब्लेड लावले नाही, तर केस वाढून बहुतेक पुळ्या आपोआप मोकळ्या होतात.

दुसरी शक्यता केसांच्या मुळाशी जंतुसंसर्ग होण्याची. यात पुळीच्या टोकाला पू दिसतो, हात लावला की दुखते आणि संसर्ग खोल गेला की केसतूड होते. बहुतेक वेळा याला स्टॅफिलोकॉकस हे जंतू कारणीभूत असतात. ते त्वचेवर वावरत असतात आणि ब्लेडच्या ओरखड्यांनी त्यांना वाट मिळते. न्हाणीघरात दिवसेंदिवस ओले राहिलेले ब्लेड या कामाला मदतच करते.

तिसरी शक्यता नायट्याची, आणि तुमच्या मलमाबद्दल वाचून मला याचीच अधिक काळजी वाटते. कडेला उठावदार, मध्ये निवळलेला, खाजणारा गोल चट्टा पसरत असेल, तर ती बुरशी आहे. घाम व घट्ट कपडे यांमुळे ती वाढते आणि ब्लेडच्या जखमांमुळे तिचे फावते. दोन दिवसांत आराम देणाऱ्या दुकानी मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असते. स्टेरॉइड खाज व लाली दाबते, त्यामुळे बरे झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरत राहते आणि मलम थांबवताच सगळे उफाळून येते. महिनोन्‌महिने असे मलम जांघेत लावल्याने त्वचा कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढरट भेगांसारखे पट्टे पडलेले तरुण मी वारंवार पाहते. ते पट्टे कोणत्याही औषधाने पूर्णपणे जात नाहीत. आपल्याकडे ही मलमे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, याची मला मनापासून खंत वाटते.

तुम्ही ते मलम आता स्वतःच्या मनाने लावू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बुरशी निघाली, तर उपचार कित्येक आठवडे चालतील. खाज थांबली तरी ते मध्येच सोडायचे नाहीत. घरातल्या इतर कोणाला असा चट्टा असेल, तर त्यांचाही उपचार एकाच वेळी करून घ्या. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत ब्लेड बंद. त्यानंतर केस काढायचेच असतील, तर माझा आग्रह ट्रिमरचा राहील. एखादा मिलिमीटर केस शिल्लक राहू द्यावा. तेवढ्याने स्वच्छता कमी होत नाही आणि केस आत वळण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. रेझरच वापरायचा असेल, तर तो एका पात्याचा असावा, केस आधी कात्रीने आखूड करावेत, कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावेत, फेस लावून केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलक्या हाताने ब्लेड फिरवावे आणि प्रत्येक वेळी ते धुवावे. ब्लेड कोरड्या जागी ठेवावे व पाच ते सात वापरांनंतर बदलावे. कामावरून आल्यावर आंघोळ करून जांघ कोरडी करणे आणि घट्ट अंतर्वस्त्रांऐवजी सैल सुती कपडे वापरणे, यांचा उपयोग कोणत्याही महागड्या लोशनपेक्षा जास्त होईल.

केस घालवण्याची क्रीम हा पर्याय तुम्हाला कोणी सुचवेल. त्यातील थायोग्लायकोलेट केसातील केराटिनचे बंध तोडते, पण त्वचेच्या वरच्या थरातही केराटिनच असते. त्यामुळे जांघेसारख्या नाजूक जागी ती क्रीम ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिली तर त्वचा भाजते. आधीच सूज असलेल्या त्वचेवर ती मुळीच लावू नये.

प्रश्न : काखेतले केस रेझरने काढून काखा काळ्या पडल्या आहेत. लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळून पाहिला, आग झाली पण रंग गेला नाही. (एक वाचक, ठाणे)

लिंबू आणि सोडा आजच बंद करा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभाव असा आहे की तिला कोणतीही इजा झाली, मग ती ब्लेडची असो, वॅक्सची असो वा लिंबाची, की त्या जागी ती जास्त रंगद्रव्य तयार करते. काळेपणा घालवण्यासाठी चोळणे म्हणजे नव्याने इजा करणे, आणि त्यातून काळेपणा वाढतोच. काखेत कातडीच्या आत कापल्या गेलेल्या केसांची सावलीही दिसते; ती काळेपणा नसते आणि कोणत्याही क्रीमने जात नाही. काखेतले केस सगळे एकाच दिशेने वाढत नाहीत, म्हणून एकाच फेऱ्यात सगळे काढण्याच्या हट्टाने तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडली जाते. केस काढल्यावर लगेच डिओडरंट फवारल्यानेही आग होते व डाग पडतात. त्याला निदान एक रात्र जाऊ द्यावी.

मात्र एक गोष्ट आरशात नीट पाहा. कातडी नुसती काळी नसून मखमलीसारखी जाड झाली असेल, मानेच्या मागेही तसाच पट्टा असेल आणि वजन वाढलेले असेल, तर हा प्रश्न रेझरचा नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तेव्हा रक्तातील साखर तपासून घेणे हाच पहिला उपाय आहे. तसेच काखमांजरी वारंवार होत असेल, फुटून वाहत असेल व मागे व्रण राहत असतील, तर तो केस काढण्याचा साधा दुष्परिणाम समजून वर्षे घालवू नका. त्या आजारावर वेगळे उपचार आहेत.

प्रश्न : सासूबाई बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून रोज कणकेचा गोळा चोळतात. जावळ काढल्यावर केस दाट येतील असेही म्हणतात. (एक आई, सांगली)

जन्मतः असलेली लव काही आठवड्यांत आपोआप गळते, तिच्यासाठी चोळण्याची गरज नाही. बाळाची त्वचा फार नाजूक असते. रोजच्या घासण्याने ती लाल होते, पुरळ येते. तेलाचा हलका मसाज करू द्यावा, म्हणजे सासूबाईंचाही मान राहील. जावळ हा संस्कार म्हणून अवश्य करा, फक्त ब्लेड नवे असावे. केस दाट होण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

प्रश्न : वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे. त्यांना मधुमेह आहे. आदल्या रात्री घरीच वस्तऱ्याने पोट व जांघ साफ करून पाठवावे, असे शेजारी सांगतात. (एक वाचक, अकोला)

कृपया असे करू नका. वस्तऱ्याने पडणारे ओरखडे डोळ्यांना दिसत नसले, तरी रात्रभरात त्यांत जंतू वाढतात आणि ऑपरेशनच्या जखमेत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. मधुमेहात तर तो अधिकच. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की शस्त्रक्रियेआधी केस काढूच नयेत, आणि अगदी आवश्यक असतील तर फक्त क्लिपरने, म्हणजे केस आखूड कापणाऱ्या यंत्राने, काढावेत. वस्तऱ्याचा वापर टाळावा. त्यांना आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ घाला आणि केसांचे काय करायचे ते रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर सोपवा. घरात कोणी बाळंतपणाला जाणार असेल, तर त्यांनाही हे सांगा. नैसर्गिक प्रसूतीआधी सरसकट केस काढण्याची शिफारस ही संघटना करत नाही.

प्रश्न : माझ्या 17 वर्षांच्या मुलीला हनुवटीवर राठ केस येतात. ती लपून रेझर वापरते. पाळी दोन-दोन महिने येत नाही. मी तिला रेझर वापरू देऊ का? (एक आई, पुणे)

रेझरला विरोध करू नका. हनुवटीवरचे केस स्वच्छ ब्लेडने काढल्याने काही अपाय होत नाही आणि त्यामुळे ते वाढलेलेही नाहीत. लपून, घाईत, कोरड्या त्वचेवर ब्लेड फिरवले, तर मात्र पुळ्या व डाग येतील, म्हणून ती ते मोकळेपणाने करू शकेल असे वातावरण तिला द्या. राठ केस आणि अनियमित पाळी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, शंका घ्यावी लागते. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून संप्रेरकांची तपासणी करा. केस अचानक, थोड्याच महिन्यांत वाढले असतील किंवा आवाज घोगरा होत असेल, तर अजिबात थांबू नका. लेझरने केस काढण्याचा विचार त्यानंतरचा. मूळ कारणावर उपचार न करता लेझर केले, तर नवे केस येतच राहतात. शिवाय लेझर रंगद्रव्यावर काम करत असल्याने सावळ्या त्वचेवर चुकीच्या यंत्राने डाग पडू शकतात, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्यावे. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर तिला केस काढू नको म्हणावे, म्हणजे ते कुठे आणि किती आहेत हे त्यांना पाहता येईल. तेवढे दिवस तिला महाविद्यालयात जाणे जड वाटत असेल, तर सुट्टीतली वेळ घ्या.