इम्प्लांट निघालं, ओठ अजून बधिर, आणि डॉक्टर म्हणतात सही करा

नाशिकच्या इंदिरानगरहून एका ताईंनी विचारलंय. वय 54, डायबेटीसची गोळी चालू. कॉलेज रोडच्या एका क्लिनिकमध्ये खालच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर लावतात ते कृत्रिम दात, बसवले, 76 हजार दिले, थोडे कॅश, थोडे यूपीआयने. बिल नाही, लेटरहेडवर नुसतं 'डेंटल ट्रीटमेंट, पेड'. पाच महिन्यांत एक स्क्रू हलायला लागला आणि निघूनच आला, दुसरा टिकलाय पण ऑपरेशनच्या दिवसापासून खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर, चहाचा ओघळ आला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणतात तुमच्या शुगरमुळे झालं, तरी 25 हजार परत देतो, या कागदावर सही करा. करू का, आणि केस होईल का, असं त्या विचारतात.

ताई, त्या कागदावर सही करू नका. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात 'माझ्या सर्व तक्रारी मिटल्या, पुढे कोणतीही मागणी करणार नाही' असं आहे, म्हणजे स्क्रूचे पैसे देता देता ओठाचा विषयही बंद होतोय. आणि खरा विषय ओठाचाच आहे.

म्हणून वकिलाच्या आधी डॉक्टर. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते, ओठ-हनुवटीला जाणीव तीच देते, ड्रिल किंवा स्क्रू खोल गेला तर ती दुखावते, आणि त्यात जितका उशीर तितकी सुधारण्याची आशा कमी. पाच महिने गेलेतच, आता थांबू नका. त्या क्लिनिकशी संबंध नसलेल्या ओरल सर्जनकडे जा, पंचवटीतल्या हिरे डेंटल कॉलेजला दाखवलं तरी चालेल, सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन सांगितला तर करून घ्या आणि बधिरपणा कुठे, किती, कधीपासून हे केसपेपरवर लिहून मागा. उपचारासाठी तर लागेलच, पण उद्या ग्राहक आयोगासमोर तोच कागद बोलेल.

आता केसचं. आधी कडू बातमी, इम्प्लांट निघालं म्हणजे डॉक्टर निष्काळजी असं कायदा धरत नाही. चांगल्या हातांनी बसवलेलेही काही फेल जातात, आणि रिझल्ट वाईट आला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट केलंय. तोच निकाल पोलिस केससाठी त्याहून मोठा, ढोबळ निष्काळजीपणा मागतो, त्यामुळे 'एफआयआर करते' वगैरे धमकी देऊ नका, उलट अंगाशी येते.

पण तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली: ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तुम्ही डॉक्टरांना एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला होता, 8.6, म्हणजे वाढलेलीच, आणि त्यांनी उत्तरात थम्स-अपची खूण पाठवली. आता बघा, शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर इम्प्लांट फेल जायचा धोका वाढतो हे डेंटिस्टला माहीत असतं, मग शुगर माहीत असून ते बोलले का नाहीत, आधी शुगर खाली आणा म्हणाले का नाहीत? 'शुगरमुळे झालं' हा त्यांचा बचाव त्यांच्यावरच उलटतो. सुप्रीम कोर्टाच्याच 2008 च्या समीरा कोहली निकालाप्रमाणे उपचार काय, पर्याय काय, धोके काय हे पेशंटला पुरेसं सांगून मगच संमती घ्यायची असते. तुम्ही खुर्चीत बसल्यावर, इंग्रजी फॉर्मवर, 'इथे सही करा' म्हटल्यावर केलेली सही ही तशी संमती आहे का यावर भांडता येईल. ब्रिज किंवा कवळी हा पर्याय सांगितला होता का? नस दुखावू शकते हे? मोजमापाला आधी कुठला एक्स-रे काढला होता? (तो पुरेसा होता की नाही हे मी नाही ठरवणार, ते तज्ज्ञ डेंटिस्टने लेखी सांगायला हवं.) ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे, आणि बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. आपल्याकडे डॉक्टरकडे बिल मागायला लोक लाजतात, भाजीवाल्याशी मात्र पाच रुपयांसाठी अर्धा तास!

तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात होते, ऑनलाइनही भरता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील सक्तीचा नाही, हे मी वकील असून सांगतोय. मुदत 2 वर्षं. ती ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरा, आणि 'डॉक्टर बघू म्हणालेत, नोटीस पाठवलीय' याने ती वाढत नाही, यात भलेभले अडकतात.

या आठवड्यात भांडण न काढता क्लिनिककडे लेखी अर्ज द्या, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. मागायचं काय तर केसपेपर, एक्स-रे, संमतीपत्राची प्रत, रकमेचं तपशीलवार बिल, आणि दोन्ही इम्प्लांटचं स्टिकर, ज्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. हे स्टिकर खरं तर ऑपरेशनच्या दिवशीच मागून घ्यायचं असतं, इम्प्लांट करायचा विचार असलेल्या बाकीच्यांनीही लक्षात ठेवा, आणि 'लाइफटाइम गॅरंटी' म्हणतात ती बहुतेकदा नुसत्या स्क्रूची असते, परत बसवायची मजुरी, हाड भरायचा खर्च, वरची कॅप हे त्यात धरलंय का ते आधी लिहून घ्या. निघालेला स्क्रू तुमच्याकडे असेल तर डबीत जपून ठेवा, डॉक्टरांना परत देऊ नका. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तर बॅकअप घ्या. आणि गूगल रिव्ह्यूवर राग काढायचा मोह सध्या आवरा.

25 हजार नाकारायलाच पाहिजेत असं नाही. घ्यायचे तर कागद तुमचा असू द्या: 'निघालेल्या एका इम्प्लांटच्या रकमेपैकी परतावा मिळाला, ओठाच्या बधिरपणाबाबतची माझी तक्रार कायम आहे.' यावर ते सही द्यायला तयार नसतील तर त्यांना नेमकी कशाची धास्ती आहे ते तुम्हाला कळेलच. मग कागद घेऊन या, तक्रारीचा मसुदा करू.