शब्द फोडताना घाई नको
उपसर्ग-प्रत्ययांची यादी पाठ झाली म्हणून लगेच इंग्रजी शब्द फोडायला बसू नकोस. कानाला जिथे सांधा वाटतो, तिथे तो असतोच असं नाही. हेलिकॉप्टर घे. आपण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असं तोडतो. खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये आहे. ग्रीकमध्ये हेलिक्स म्हणजे मळसूत्र, प्टेरॉन म्हणजे पंख. १८६१ साली फ्रेंचमध्ये घडलेला हा शब्द. तोच पंख टेरोडॅक्टिल (उडणारा प्राचीन सरीसृप) या शब्दामध्येही आहे, फक्त उच्चारातला 'प' गळला. किती सुंदर आहे हे! 'इन्फ्लेमेबल' म्हणजे सहज पेट घेणारा; त्यातला 'इन' तर नकारार्थी नाहीच. लॅटिनमध्ये 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. म्हणून आधी कोशात शब्दाचं मूळ बघ, मगच तोड. आणि स्पेलिंग वहीत लिहीत जा, उच्चार फसवतो.