विचारा बाईंना : मॉन्टेसरीचा खोका घ्यावा का?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं गाव दारव्ह्याहून आत आहे. मुलगी दिवाळीत तीन वर्षांची होईल. पुण्याच्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलासाठी मॉन्टेसरीचा संच आणला. मोबाइलवर तसाच संच साडेचार हजारांना दिसतो. त्यात रंगीत ठोकळ्यांचा मनोरा, भोकांत बसवायचे सिलिंडर, सोनेरी मणी आणि खरखरीत एबीसीडी असं सगळं आहे. सोयाबीन विकलं की घेऊ, असं हे म्हणतात. सासूबाई म्हणतात, तेवढ्यात एक बकरी येते. नाही घेतला तर पोरगी मागे पडेल का, हे काही मनातून जात नाही. काय करू? – क. रा., ता. दारव्हा

उत्तर : माझ्या लेकीपेक्षा तू लहान असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. अख्खा खोका घेऊ नको. त्यातली एकच वस्तू विकत घे, एक गावच्या सुताराकडून करून घे आणि बाकीचं घरात आहेच.

विकत घ्यायची ती सिलिंडरची पट्टी. लांबट लाकडी ठोकळा, त्याला दहा भोकं आणि प्रत्येक भोकात मूठ लावलेला एकेक दट्टा. मूळ साहित्यात अशा चार पट्ट्या असतात. तू एकच घे, जिच्यात सगळ्या दट्ट्यांची उंची सारखी असते आणि फक्त जाडी कमी-कमी होत जाते. आमच्या बालवाडीत एक पोरगी ही पट्टी घेऊन बसायची. बारीक दट्टा मोठ्या भोकात सहज जायचा, ती खूश. शेवटी हातात उरायचा जाडा दट्टा आणि समोर सगळ्यात लहान भोक. एकदा तिनं तळव्यानं ठोकून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, मी गप्प. मग तिनं सगळे दट्टे उपसले आणि पहिल्यापासून बसवायला घेतले. या साहित्याची सगळी करामत इथं आहे. चूक वस्तू दाखवते, आईला “अगं, चुकलं ना!” म्हणावं लागत नाही. शिवाय मूठ अंगठा आणि दोन बोटांनी धरायची असते, पुढं पेन्सिलही तशीच धरायची आहे.

घेताना मात्र पारखून घे. प्रत्येक दट्टा आपल्या भोकात वरच्या पातळीशी बरोबर बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये आणि काढताना अडकता कामा नये. स्वस्तातल्या संचांत भुश्याच्या दाबलेल्या फळीचं काम असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फुगली की दट्टे निघतच नाहीत, आणि मग पोर ती पट्टी ढकलगाडी म्हणून वापरतं.

आता मनोरा. मोबाइलवर दिसतो तो दहा रंगांचा, वर आकडे आणि चित्रं. तो नकोच. खरा मनोरा एकाच रंगाचा, गुलाबी असतो. दहा घन, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहाचा. रंग एकच, लाकूड एकच, फरक तेवढा आकाराचा. म्हणजे पोराचं लक्ष आकारावरच राहतं. दहा रंग केले की ते “लाल झाला, आता पिवळा” असं पाठ करतं आणि आकार बघतच नाही.

हा मनोरा सुताराकडून होतो. यवतमाळ जिल्ह्यात सागवानाच्या तुकड्यांना तोटा नाही. दारं-चौकटी करताना उरलेले तुकडे माग. दहाचा घन अखंड निघत नसेल तर दोन तुकडे डिंकानं जोडू दे. मिस्त्री इंच-सुतात बोलतो, त्याच्या हातात सेंटिमीटरची पट्टी दे आणि करवतीची जाडी धरून खुणा करायला सांग. नाहीतर सातचा घन पावणेसातचा होतो आणि सहाच्या शेजारी ठेवला तर फरक कमी दिसतो. कडा काचकागदानं गोल करून घे. रंग देऊच नको, जवसाच्या तेलाचा हात फिरवून चार-आठ दिवस सुकू दे. (तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नको, तो आपोआप तापून पेटू शकतो. पसरून वाळत घाल.) एक सेंटिमीटरचा घन मात्र वर ठेवून दे. पोरगी वस्तू तोंडात घालायची थांबली की मगच द्यायचा.

सोनेरी मणी म्हणजे एकक, दहाची काडी, शंभराचा चौकोन आणि हजाराचा घन. वस्तू फार सुंदर, पण चार वर्षांच्या आसपास कामाची. तोवर तुराट्या सारख्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेव.

एबीसीडीची खरखरीत अक्षरं तर परत पाठवायच्याच लायकीची. घरात मराठी बोलणाऱ्या पोरीला पहिला आवाज मराठीतला हवा. साडेतीन-चार वर्षांची झाली की घरीच कर. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा घे, हार्डवेअरच्या दुकानातून बारीक काचकागद आण. अक्षर काचकागदाच्या मागच्या बाजूला उलटं काढून काप, म्हणजे पुढून सुलटं येतं. उंची वीतभर नको, चार इंच पुरे. आधी ग, म, न असं वळणाला सोपं घे, अ-आ-इ-ई पासून नको. तिनं दोन बोटांनी अक्षर गिरवायचं आणि तोंडानं त्याचा आवाज काढायचा. काचकागद फार खरबरीत झाला तर बोट दुखतं आणि ती हात लावत नाही.

बाकीचं घरातलं. दोन गडवे आणि ताटात ज्वारी, एकातून दुसऱ्यात ओतायची. हे जमलं की पाणी. पायली, अधोली, शेर ही मापं असतील तर एकात एक बसवायला दे. मूग आणि तूर मिसळून निवडायला दे. नवऱ्याचा जुना शर्ट लाकडी फळीवर ताणून खिळ्यांनी बसव, बटनं लावायची चौकट तयार. खाली एक छोटी सतरंजी अंथर, काम तेवढ्यावरच. तू करून दाखवताना कमी बोल आणि हळू कर. नाव शिकवायचं तर आधी “हा मोठा, हा लहान” असं दाखव. मग “मोठा दे” म्हण. आणि शेवटी “हा कसा?” विचार. हा तीन पायऱ्यांचा पाठ सेगें नावाच्या फ्रेंच डॉक्टरांचा. हे साहित्य घडवणाऱ्या इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी तो घेतला आणि 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यासाठी हे साहित्य जन्मलंच नव्हतं. आपल्या अमरावतीत काही वर्षं संसार केलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, दगड, पानं हेच साहित्य म्हणून वापरलं.

दोन गोष्टी मात्र कडक पाळ. गुंजा लालभडक आणि गोंडस दिसतात म्हणून मोजायला देऊ नको, त्या विषारी असतात. मोगली एरंडाच्या आणि साध्या एरंडीच्या बियाही तशाच. आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, झाकणं कितीही धुतली तरी खेळात आणू नको. पऱ्हाटीच्या दिवसांत तर घरात त्यांचा ढीगच असतो.

मागे पडायचं म्हणशील, तर खोका नाही म्हणून पोरगी मागे पडणार नाही. तालुक्याला “मॉन्टेसरी” पाटी लावलेल्या शाळा दिसतील. हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटी लावू शकतं. आत जाऊन बघ. साहित्य मुलांच्या हाताला लागतं की काचेच्या कपाटात कुलपाआड आहे? तुझ्या अंगणवाडीत पोरीला पाठव, सिलिंडरची पट्टी आणि मनोरा घरी ठेव. बकरीचा हिशेब सासूबाईंवर सोड.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. एका दात्यानं खेळण्यांसाठी पैसे दिलेत. जत्रेतली लाकडी रंगीत खेळणी घ्यावी की दुकानातली? – एक सेविका, ता. आर्वी

उत्तर : दुकानातून घेत असाल तर आयएसआय खूण बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून जत्रेतलं खेळणं वाईटच असं धरू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग उतरला तर परत ठेवा, मग कितीही घासाघीस करून भाव उतरवलेला असो. मिस्त्रीकडून करून घेतलंत तर घराला लावून उरलेला ऑइल पेंट त्याला वापरू देऊ नका. त्यात शिसं असू शकतं आणि तुमच्याकडची बारकी सगळी वस्तू चाटून बघणारी. पावती घेऊन दात्याला दाखवा आणि कुठली खेळणी कधी आली ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मोडलेली बदलून मागायला सोपं जातं.