औषधाची बाटली नंतर, आधी खाद्याचं पोतं मोजा

शेततळ्यात मासे सोडलेल्यांचे या पंधरवड्यात आलेले प्रश्न वरवर वेगळे दिसतात. तळ्यावर जाऊन पाहिलं की बहुतेक ठिकाणी मूळ एकच निघतं: खाद्य जास्त पडतंय.

प्रश्न (इंदापूर): 34 बाय 34 मीटरचं प्लास्टिकचं शेततळं आहे. रोहू-कटल्याची 1,500 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. पहाटे मासे तोंड वर काढतात. दुकानदार म्हणतो, मासे उपाशी आहेत, खाद्य वाढवा आणि चुना मारा.

उत्तर: मासे उपाशी नाहीत, गुदमरलेत. आज आणि उद्या खाद्य पूर्ण बंद ठेवा. चुना टाकू नका. पुन्हा सांगतो, चुना टाकू नका. जास्तीच्या खाद्याचा पाण्यात अमोनिया होतो. पाण्याचा सामू (पीएच) 7 असेल तर त्यातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. तोच सामू 9 वर गेला की उन्हाळी पाण्यात जवळपास निम्मा अमोनिया विषारी होतो. चुना सामूच वाढवतो. सामू मोजल्याशिवाय चुना टाकून रात्रीत तळं रिकामं झालेलं मी पाहिलंय.

पाण्यातला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. म्हणून पहाटे तीन ते सहा मोटार चालू ठेवा आणि पाणी उंचावरून फवारून पाडा. बोअरच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो, पाइप सरळ तळ्यात बुडवून काही होणार नाही. तळाचं थोडं पाणी काढून टाका. ते उसाला चालतं.

आता खाद्याचा हिशोब. फेकजाळ्याने 20 मासे धरा आणि तोला. 5 किलो भरले तर सरासरी 250 ग्रॅम. सोडलेले 1,500 असले तरी 1,200 जगलेत असं धरा. म्हणजे तळ्यात 300 किलो मासा, त्याच्या 3 टक्के म्हणजे दिवसाला 9 किलो. दुकानदार 1,500 माशांवर 5 टक्के लावतो आणि 19 किलो सांगतो. वरचे 10 किलो माशाच्या पोटात जात नाहीत. दौंडकडच्या एका तळ्यात मी बांबू तळाला लावून वर काढला, तर टोकाला काळा चिखल आणि त्यात फुगलेले अख्खे दाणे होते. सडक्या अंड्यासारखा वास. प्लास्टिकच्या तळ्याला माती नसते, ही घाण शोषणार कोण?

प्रश्न (दौंड): वाढ लवकर व्हावी म्हणून 40 टक्के प्रथिनांचं खाद्य घेऊ का?

उत्तर: नको. 40 टक्के जिऱ्यांना, म्हणजे अगदी लहान पिल्लांना लागतं. रोहू-कटला मोठा झाला की 28 ते 30 टक्के पुरतात. भुवनेश्वर आणि वर्सोव्याच्या मत्स्यसंस्थांमध्ये रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांच्या आहारावर झालेलं काम हेच सांगतं. जास्तीचं प्रथिन मासा जाळतो आणि त्यातला नत्र कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो. महाग पोतं घेऊन तुम्ही विषच विकत आणता.

कार्पला जठर नसतं. एकदम जास्त टाकलेलं त्याला झेपत नाही. सकाळी नऊनंतर आणि चारच्या सुमारास, असं दोनदा द्या. संध्याकाळी उशिरा नाही, आभाळ भरून आलं असेल तर अजिबात नाही. हिवाळ्यात पाणी 20 अंशांखाली गेलं की निम्मं करा.

पोत्यावरची तारीख बघा. जुन्या, उन्हात पडलेल्या खाद्यातलं क जीवनसत्त्व जातं आणि पिल्लांचा कणा वाकडा होतो. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नका, त्या बुरशीच्या विषाने माशाचं यकृत खराब होतं.

माझा आग्रह पिशवी पद्धतीचा आहे. खताची रिकामी पिशवी स्वच्छ धुवा, खालच्या भागात बोट जाईल एवढी भोकं पाडा, भाताचा कोंडा आणि चांगली पेंड समप्रमाणात भरा आणि बांबूला बांधून पाण्यात अर्धी बुडवा. मासे तोंड मारून लागेल तेवढंच काढतात. दोन तासांनी पिशवीत उरलं तर उद्या तेवढं कमी भरा. आंध्रात हे मोठ्या प्रमाणावर चालतं, आपल्याकडे कुणी सांगत नाही, कारण पिशवीत दुकानदाराचा नफा नाही.

प्रश्न (शिरूर): अंगावर लाल चट्टे आहेत. दुकानदाराने खाद्यात मिसळायला अँटिबायोटिक पावडर दिली.

उत्तर: टाकू नका. चट्टे जिवाणूचे, बुरशीचे की माशांच्या अंगावरच्या उवा चावल्याचे, हे दुकानाच्या काउंटरवरून कळत नाही. अमोनिया पचवणारे चांगले जिवाणूही त्या औषधाने मरू शकतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर मत्स्यपालनात बंदच आहेत. जिवंत आजारी मासा ऑक्सिजनच्या पिशवीत घालून तपासणीला आणा. मेलेला, सडलेला आणलात तर काही कळत नाही. उवांसाठी कीटकनाशक अंदाजाने ओतू नका, मात्रा थोडी चुकली की उवेआधी मासा मरतो. तळ्यात बांबू उभे करा, उवा त्यांवर अंडी घालतात. दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा.

योजनेबद्दल विचारणाऱ्यांसाठी: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. सातबारा घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात या. मंजुरीआधी खरेदी करून बसू नका.