पूर्णवर्मा आणि २१ दिवसांत खोदलेली गोमती

जावाचा राजा पूर्णवर्मा खरंच होऊन गेला का, आणि तुम्हाला आलेल्या फॉरवर्डमध्ये म्हटलंय तसा तो 'भारतातून गेलेला सम्राट' होता का, असं तुम्ही विचारलंय.

राजा खरा. साधारण पाचव्या शतकातला, पश्चिम जावातल्या तारुमानगरचा. त्याच्या शिलालेखांत शक-संवत नाही, काळ ठरतो तो अक्षरांच्या वळणावरून. भाषा संस्कृत, लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव वळणाची.

बोगोरजवळ चिआरुतेऊनच्या धोंड्यावर त्याची पावलं कोरलेली आहेत आणि सोबतच्या श्लोकात 'विष्णोरिव पदद्वयम्', म्हणजे विष्णूच्या पावलांसारखी ही दोन पावलं, असं म्हटलंय. फोटो सगळीकडे त्याचेच फिरतात. पण खरा ऐवज आहे तुगूचा लेख. हा दगड उत्तर जकार्तात सापडला, आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कारकिर्दीच्या २२व्या वर्षी पूर्णवर्म्याने गोमती नावाचा कालवा खोदवला, असं त्यात आहे. लांबी ६१२२ धनुष्यं. एक धनुष्य चार हातांचं धरलं तर सुमारे ११ किलोमीटर. काम फाल्गुन वद्य अष्टमीला सुरू झालं, चैत्र शुद्ध त्रयोदशीला संपलं, २१ दिवसांत. दक्षिणा म्हणून ब्राह्मणांना हजार गाई.

आता बोटांवर मोजा. अष्टमीपासून अमावास्येपर्यंत ८ तिथी, पाडव्यापासून त्रयोदशीपर्यंत १३. बरोबर २१! उत्तर भारतातल्या पूर्णिमान्त पद्धतीने मोजलं तर हेच अंतर पन्नासच्या वर जातं, कारण तिथे महिन्याचा वद्य पक्ष आधी येतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी जावात महिने आपल्यासारखेच अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, मोजत होते, आणि ऐन खोदकामात पाडवा येऊन गेला. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीवरून पुढे सरकलोच नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. गोमती गेली ती राजाच्या 'राजर्षी' आजोबांच्या छावणीच्या जमिनीतून. त्याआधी एका 'राजाधिराज गुरू'ने, म्हणजे बहुधा वडिलांनीच, चंद्रभागा खोदवली होती. ती राजधानीजवळून समुद्राला मिळाली. नद्यांची नावं आपल्याकडची खरी, पण घराणं आजोबांपासून तिथलंच. भारतातून येऊन राज्य जिंकल्याचं एकाही लेखात नाही. फॉरवर्डमधली तेवढी ओळ काढून टाका.